मावशीच्या आधी उठणारं मशीन

आम्ही सगळी भावंडं मावशीला तिच्या पाठीमागे 'गजर' म्हणायचो, आणि तिला ते ठाऊक होतं. कुणाला पहाटेची गाडी पकडायची असली, कुणाचा पेपर असला, कुणाला उपाशीपोटी रक्त तपासायला जायचं असलं, की आदल्या दिवशी मावशीला फोन जायचा. "मला उठव गं उद्या." ती उठवायचीच. नुसती हाक मारून तिचं समाधान व्हायचं नाही. पलीकडचा माणूस पायांवर उभा राहून नळ सोडतोय हे फोनवरून कानांनी ऐकल्याशिवाय ती फोन ठेवायची नाही.

ही सवय तिला लहानपणीच लागली. आजोबा साबणाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे, आजीला दमा. माझी आई धाकटी, म्हणून ती लोळायची आणि मावशी थोरली, म्हणून ती उठायची. लग्न झालं ते बसच्या ड्रायव्हरशी. काकांच्या वाट्याला नेहमी दिवसातली पहिली बस. पुढे मावशीला टपाल कचेरीत नोकरी लागली, तीही पत्रांची वर्गवारी करायची. हे काम शहर जागं व्हायच्या आत उरकावं लागतं. मग दादा झाला, त्याची सकाळची शाळा आली. मावशीच्या आयुष्यात उजाडलेलं असताना उठायची वेळ म्हणून कधी आलीच नाही.

आणि या सगळ्याबद्दल ती अखंड कुरकुर करायची. "माझ्या नशिबात झोपच नाही. मेल्यावरसुद्धा तुम्हाला वेळेवर स्मशानात पोचवायला मलाच उठावं लागेल, बघा!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की चिमी, म्हणजे दादाची चार वर्षांची मुलगी, तेसुद्धा आजीच्या हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायची.

त्यामुळे मावशी निवृत्त झाली तेव्हा दादा-वहिनीनं तिला झोप भेट द्यायचं ठरवलं, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

भेट म्हणजे कॉफीचं मशीन. निवडलं वहिनीनं. वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर तिच्याभोवती काही ना काही गरगरत, गुणगुणत असतं, तेव्हा यंत्रांतलं तिला कळतं, असं घरात गृहीत होतं. मी त्या संध्याकाळी तिथेच होते. दादानं खोकं उघडलं, आतलं पांढरं थर्माकोल चिमीनं ताब्यात घेतलं आणि ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ते काळं, चौकोनी धूड विराजमान झालं.

"हे बघ आई," दादा म्हणाला, "वरच्या डब्यात कॉफीच्या अख्ख्या बिया. मागे पाणी. ह्या बटणानं किती कप ते ठरवायचं, ह्या चकतीनं बारीक की जाड दळायचं ते. खाली काचेचा जग. आणि हा टायमर. रात्री झोपताना वेळ लावून ठेवली की सकाळी आपोआप दळणार, आपोआप पाणी तापवणार, आपोआप कॉफी गाळून ठेवणार. तुला काहीच करायचं नाही."

"मग मी काय करू?" मावशीनं विचारलं.

"झोप!"

"कशी?"

आम्हाला वाटलं, ती विनोद करते आहे. काका खुर्चीतूनच म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? मी शिकवतो." काकांचा त्यातला अधिकार मोठा होता. निवृत्त झाल्यापासून ते उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नसत, आणि त्यांच्या घोरण्यापुढे कोणतंही मशीन म्हणजे किस झाड की पत्ती.

दुसऱ्या दिवसाची हकिकत मावशीनं मला नंतर सांगितली. ती नेहमीच्या वेळी जागी झाली. उठायचं नाही, हे आठवलं. मग ती पडून राहिली. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, उताणी. पायाला मुंग्या आल्यासारखं झालं. शेजारचा माणूस शिंकणार शिंकणार म्हणून आपण वाट बघतो आणि तो शिंकत नाही, तसं तिचं त्या मशीनच्या बाबतीत झालं. शेवटी बंद दाराआडून घर्रर्र आवाज आला. बिया दळल्या जात होत्या. मग पाणी तापल्याची गुरगुर. मग थेंबथेंब. आणि मग वास.

"वास चांगला होता?" मी विचारलं.

"तेच तर!" ती चिडून म्हणाली. "कॉफी वाईट झाली असती तर दोन दिवसांत ते धूड माळ्यावर गेलं असतं. चांगली झाली होती मेली. माझ्या पातेल्यातल्या कॉफीहून चांगली."

त्या दिवसापासून मावशीचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. ती दुपारी कपाटं आवरायला घ्यायची आणि अर्धी आवरून सोडून द्यायची. चिमीला गोष्ट सांगताना राक्षसाला वाटेतच सोडून गॅस बंद केला का बघायला जायची. उभ्यानं जेवायची. काका म्हणाले, "अगं, तुला झालंय काय? पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरतेस." त्यावर ती म्हणाली, "मला जरा जास्तच विश्रांती मिळतेय ना, त्याचा त्रास होतोय."

आठवडा काढला आणि एका पहाटे ती उठलीच. अंधारात चाचपडत स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं, मशीन बोलायच्या आत त्याचं बटण दाबून तोंड बंद केलं आणि नेहमीसारखं पातेलं चढवलं. पाणी उकळेपर्यंत खिडकीशी उभी राहिली. तिला बरं वाटलं.

थोड्या वेळानं वहिनी आली.

"उठलीस? बस, देते कॉफी," मावशी म्हणाली.

वहिनीनं मशीनकडे बघितलं. "आई, हे चाललं नाही का?"

"नाही बाई. रुसलं असेल."

त्या रात्री वहिनीनं टायमर थोडा अलीकडे घेतला. मावशीनं झोपण्यापूर्वी तो बघितला आणि ती त्याच्याही आधी उठली. वहिनीनं आणखी अलीकडे घेतला. मावशी आणखी लवकर. दोघी एकमेकींना काही म्हणत नव्हत्या. सकाळी वहिनी आली की मावशी गॅसशी उभी असायची, हसून "उठलीस? बस" म्हणायची, आणि वहिनी बसायची. दोघींच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. दादाला वाटलं, बायकोला कामाचा ताण आहे. काकांना वाटलं, निवृत्ती सोसत नाही. वहिनी लॅबमध्ये एकदा खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढताना सापडली. आणि मावशी तर एका दुपारी बसमध्ये झोपून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि घरी येऊन म्हणाली, "सहज फिरून आले."

अशा चढाओढीचा शेवट व्हायचा तसाच झाला.

त्या पहाटे मावशी उठली तेव्हा तिचं डोकं जड होतं. दिवा न लावताच तिनं बटण दाबलं. काचेचा जग उचलून सिंकमध्ये ठेवला, म्हणजे मशीनची कॉफी होण्याचा प्रश्नच नको. मग जरा वारा घ्यावा म्हणून बाल्कनीत गेली. तिनं दाबलेलं बटण बंद करायचं नव्हतं, त्याच्या शेजारचं होतं. मशीन तिच्या पाठीमागे घर्रर्र करून सुरू झालं. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी जात होती. त्या खडखडाटात तिला काही ऐकू आलं नाही.

त्या मशीनमध्ये वर एक गाळणीची टोपली असते. तिच्यात दळलेली कॉफी पडते, वरून उकळतं पाणी येतं आणि खाली जग असला तरच टोपलीचं भोक उघडतं. जग नव्हता. टोपली भरली, तुडुंब भरली, आणि मग गाळासकट सगळं बाहेर यायला लागलं. ओट्यावरून चमच्यांच्या उघड्या खणात, खणातून जमिनीवर, आणि वाटेत खुर्चीच्या पाठीवर वहिनीचा इस्त्री केलेला पांढरा कोट होता, त्याच्यावर.

वहिनी आत आली आणि तिनं दिवा लावला. मावशी बाल्कनीतून धावली. दोघी त्या काळ्या डबक्याच्या दोन काठांना उभ्या राहिल्या.

"अगं बाई, हे कसं झालं?" मावशी म्हणाली. "तरी मी सांगत होते, ह्या यंत्राचा भरवसा नाही."

वहिनीनं सिंकमधला जग पाहिला. मग ती मागची भिंत धरून सावकाश खाली बसली, ओल्या फरशीवरच, आणि रडायला लागली. ती रडणारी बाई नाही. चिमीच्या वेळी चौदा टाके पडले तेव्हासुद्धा तिनं डॉक्टरांना वर सल्ला दिला होता. त्यामुळे मावशीला काय करावं कळेना. तिनं फडकं घेतलं, मग ठेवलं, मग परत घेतलं.

"अगं, कोट मी धुऊन देते. डाग जाईल. भाजलं का तुला कुठे?"

"नाही."

"मग रडतेस कशाला एवढ्या तेवढ्यावरून?"

"आई, तुम्ही झोपत का नाही?" वहिनी म्हणाली. "एक दिवस तरी झोपा ना! मी एवढं मशीन आणलं, तरी तुम्ही उठताच."

"माझ्यासाठी आणलंस, ते चांगलंच केलंस. पण मला सवय..."

"तुमच्यासाठी नाही आणलं." वहिनीनं नाक पुसलं. "माझ्यासाठी आणलं. कॉफी करायची असली की तुम्ही उठणार. कॉफी आपोआप झाली तर तुम्हाला उठायला कारण राहणार नाही, असं मला वाटलं. मला फक्त सकाळी थोडा वेळ इथे एकटीला बसायचं होतं. दिवसभर लॅबमध्ये माणसं. घरी आले की चिमी. मग हे. मग तुम्ही दोघं. तुम्ही कुणी वाईट नाही, सगळे चांगले आहात, पण मला कुणीच नको असतं थोडा वेळ. आणि आले की तुम्ही असताच. 'उठलीस? बस.' मला बसायचं नसतं, आई! म्हणजे, बसायचं असतं, पण..."

ती थांबली. एवढं बोलायचं तिच्या मनात नव्हतं.

मावशीनं फडकं पिळलं. त्यातून काळं पाणी गेलं. "म्हणजे मला झोपवायला आणलंत हे."

"हो."

"आणि मी सगळ्या जगाला सांगत सुटले, सुनेनं माझी किती काळजी केली."

वहिनीनं मान खाली घातली. मावशीनं मग एक शब्द न बोलता ओटा पुसला, खणातला एकेक चमचा धुतला, फरशी पुसली. वहिनी उठून मदत करायला लागली तर तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्याच संध्याकाळी मावशी पिशवी भरून माझ्याकडे आली.

मी एकटी राहते. घरूनच काम करते, कापडांवर छापायची चित्रं काढते, आणि उशिरा उठते. तिनं दारातच सांगितलं, "चार दिवस राहणार. कारण विचारू नकोस." मग चप्पल काढायच्या आत कारण सांगितलं.

सगळं ऐकून मी म्हटलं, "वहिनीनं तोंडावर बोलायला नको होतं."

"तिचं काय चुकलं?" मावशी माझ्यावरच उखडली. "तुला काय कळतंय? सांगू का तुला एक? तुझ्या काकांची पहिली बस होती ना, तिच्यासाठी मला जेव्हा उठायला हवं होतं, त्याच्या कितीतरी आधी मी उठायची. काही गरज नव्हती. डबा आदल्या रात्रीच अर्धा तयार असायचा. मी नुसती बसायची. ओट्याला पाठ लावून, कॉफीचा पेला घेऊन. सासूबाई झोपलेल्या, हे झोपलेले, पोरगं झोपलेलं. तेवढा वेळ माझा. बाकी सबंध दिवसात माझं म्हणून काही नव्हतं. आणि तो वेळ कुणी काढून घेऊ नये म्हणून मी जन्मभर बोंब मारत राहिले, मला झोप नाही, मला झोप नाही. सुखानं उठते म्हटलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, चल मीही येतो सोबतीला."

मी म्हटलं, "आता इथलं स्वयंपाकघर तुझं. मी काही सकाळी उठत नाही. हवं तेवढं बस."

ती बसली. पहिल्या दिवशी बसली, आणि मी उठले तेव्हा माझ्या घरातल्या सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पडदे धुतलेले. तिसऱ्या दिवशी मला जाग आली ती कुणीतरी बघतंय अशा भासानं. मावशी माझ्या दारात उभी होती.

"काय गं?"

"तू झोपलेली असतेस ना नक्की?"

"आत्तापर्यंत झोपले होते."

"मग आवाज का येत नाही?"

"कसला आवाज?"

ती पलंगाच्या कडेला टेकली. "घराचा. हे घोरतात. दादा कूस बदलतो की पलंग करकरतो. चिमी झोपेत भांडते कुणाशी तरी. सगळी आहेत, पण कुणाला माझ्याकडून काही नकोय. तसं पाहिजे. तुझ्याकडे सगळं शांत आहे, पण ही शांतता मला खायला उठते. एकट्या माणसाची झोप कमी पडते गं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "राग मानू नकोस. थोडं घोरत जा."

मी हसले, पण ती हसत नव्हती. तिचे हात एकसारखे चादरीची घडी करत होते, मोडत होते. दुपारी तिनं पिशवी भरली.

परत गेली तेव्हा वहिनी कामावरून आलेली नव्हती. मावशी तिची वाट बघत जिन्यातच थांबली, कारण घरात काकांसमोर हे बोलायचं नव्हतं. वहिनी आली, तिला पाहून दोन पायऱ्या खालीच थबकली.

"आई, मी त्या दिवशी..."

"ते राहू दे. मला एक सांग. तुला कुणीच नको असतं, की बोलणारं कुणी नको असतं?"

वहिनीनं विचार केला. तिचा हा गुण मला आवडतो, ती विचार करून उत्तर देते. "बोलणारं नको असतं," ती म्हणाली. "आणि बघणारं."

"मग मी खिडकीकडे तोंड करून बसते. तू भिंतीकडे तोंड करून बस. 'उठलीस' म्हणायचं नाही, 'बस' म्हणायचं नाही. तुझं ते मशीन कॉफी करू दे. हे नाहीतर चिमी उठेपर्यंत दोघींनी तोंड उघडायचं नाही. जमेल?"

"तुम्हाला जमेल का?" वहिनीनं विचारलं.

"नाही जमलं तर परत जिन्यात येऊ."

पहिल्या सकाळी जमलं नाही. मावशी खिडकीशी बसून राहिली, पण रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला उचलून घेऊन फिरायला निघालेलं तिला दिसलं आणि "अगं, हे बघ तरी!" तिच्या तोंडून निघून गेलं. वहिनी पेला घेऊन बाल्कनीत गेली. दुसऱ्या दिवशी मावशीनं तोंडात लवंग धरली. तिसऱ्या दिवशी वहिनीच काहीतरी बोलायला लागली आणि मावशीनं बोट ओठावर ठेवून तिला गप्प केलं. त्या विजयाचं वर्णन मला फोनवर तीनदा ऐकावं लागलं.

मग एका सकाळी मशीन सुरू झालं, घर्र करून अडखळलं, आणि नुसतंच घुमायला लागलं. दळलेली कॉफी टोपलीत पडेना. वाफ वर जाऊन पूड ओली होते आणि ज्या नळीतून ती खाली पडते तिथे लिंपल्यासारखी बसते, हे वहिनीला माहीत होतं, मावशीला नव्हतं. वहिनीनं प्लग काढला. बियांचा डबा उचलून आत बोट दाखवलं. मावशीनं मान वाकडी करून पाहिलं आणि न बोलता बाथरूममधून काकांचा जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. वहिनीनं तो नळीत घातला, खरवडलं, मावशीनं खाली बशी धरली. बशीत चिखलाचे गोळे पडत राहिले. एकदा वहिनीचा हात निसटून तिच्या गालावर पूड उडाली. मावशीनं पदरानं ती पुसली, पण तिच्या डोळ्यांत न बघता, कारण बघायचं नाही असं ठरलं होतं. नळी मोकळी झाल्यावर दोघींनी डबा बसवला, प्लग लावला आणि दळणं नीट सुरू झालेलं ऐकलं. कुणी एक अक्षर बोललं नाही. वहिनी मला म्हणाली, "इतक्या वर्षांत आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं."

यावरून सगळं आलबेल झालं असं मात्र कुणी समजू नये. मावशीचा स्वभाव तो, तिला खिडकीशीसुद्धा स्थिर बसवत नाही. ती खुर्चीत पाय हलवते, पेला या हातातून त्या हातात घेते, अधूनमधून उठून टायमर बघून येते, जणू तो पुन्हा कुणीतरी अलीकडे घेतला असेल. वहिनीलाही अजून संपूर्ण एकटीची सकाळ हवीच असते, आणि महिन्यातून एखादे दिवशी ती पेला उचलून सरळ गच्चीवर जाते. त्या दिवशी मावशी मला फोन करते. काका झोपलेले, चिमी झोपलेली, सून गच्चीवर, म्हणजे स्वयंपाकघर सगळं तिचं; तरी ती कुजबुजत विचारते, "तिला काही लागलं असेल का माझं?"

"नसेल गं. बसू दे तिला. तूही बस."

"बसलेच आहे," ती म्हणते, आणि मागून मला तिच्या चपलांची फटफट ऐकू येत असते.

गेल्या आठवड्यात वहिनी भेटली. मी विचारलं, "काय, कसं चाललंय तुमचं मौनव्रत?"

"चाललंय," ती म्हणाली. "त्या बोलत नाहीत, खरंच. पण श्वास फार मोठ्यानं घेतात."

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. मी मुद्दामच तिला तोच प्रश्न विचारला.

"पोरगी गुणाची आहे," मावशी म्हणाली. "पण पेला किती आपटून ठेवते, ते एकदा तू सांग बाई तिला. मला तर बोलायची सोय नाही."